बाटली कुणाची, झाडू कुणाचा?

मैत्रिणींनो, गावात स्वच्छता मोहीम निघाली की झाडू आपल्याच हातात येतो. ओढ्यातल्या प्लास्टिकच्या बाटल्या आपण वेचतो. त्या बनवल्या कुणी, हे मात्र विचारत नाही. यावरून अमेरिकेतली एक जुनी गोष्ट सांगतो.

तिथे पूर्वी काचेची रिकामी बाटली दुकानात परत दिली की अनामत मिळे. मग कंपन्यांनी वापरून फेकायच्या बाटल्या नि डबे आणले. रस्त्याकडेला खच पडू लागला. १९५३ साली व्हरमाँट राज्याने बिअरच्या अशा बाटल्यांवर बंदी घातली. त्याच वर्षी डबे-बाटल्यांच्या कंपन्यांनी पुढाकार घेऊन 'कीप अमेरिका ब्युटिफुल' ही स्वच्छतेची संस्था काढली. १९७१ साली तिची जाहिरात टीव्हीवर गाजली. कचरा पाहून एका आदिवासी माणसाच्या डोळ्यांत पाणी येतं. सांगणं एवढंच, की घाण लोक करतात, लोकांनीच थांबवावी. त्याच वर्षी ऑरेगन राज्याने बाटलीवर अनामत सक्तीची केली. अशा कायद्यांना संस्थेमागच्या कंपन्यांनी विरोध केला.

कचरा टाकू नये, हे खरंच. पण ज्याच्या पैशावर संस्था चालते, त्याची चूक ती कशी दाखवणार?

आपल्याकडे २०१६ च्या प्लास्टिक कचरा नियमांनी उत्पादकावरही जबाबदारी टाकली आहे. म्हणून पुढच्या मोहिमेला कुणी टोप्या-हातमोजे वाटायला आलं, तर आपण गटाने आधी विचारू या: खर्च कोण करतंय? आणि वेचलेल्या बाटल्या परत कोण नेणार?