शनिवारचे चाळीस टक्के

मागच्या मार्चमधली गोष्ट. सोमवारी रात्री निफाडहून मामांचा फोन आला. "तू कॉम्प्युटरवाला ना? मग सांग, शनिवारी पाऊस येतोय की नाही?"

त्यांच्या द्राक्षांत गोडी उतरायला अजून आठवडा हवा होता. लगेच माल काढला तर भाव कमी मिळणार, आणि थांबल्यावर गारा पडल्या तर सगळंच जाणार. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट आमच्याकडे कुणी विसरलेलं नाही.

मी मोबाइलमध्ये बघून सांगितलं, "चाळीस टक्के."

"म्हणजे काय करू? चाळीस टक्के बाग काढू?"

मला उत्तर देता आलं नाही. मी रोज शिवाजीनगरच्या सिमला ऑफिस चौकातून जातो. भारतीय हवामान खातं १८७५ मध्ये सुरू झालं, १९२८ मध्ये त्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्यात आलं, म्हणून चौकाचं हे नाव. एवढं माहीत होतं. पण हे टक्के येतात कुठून, ते माहीत नव्हतं. त्या रात्री वाचत बसलो.

गोष्ट एका फसलेल्या अंदाजापासून सुरू होते. लुईस फ्राय रिचर्डसन हा ब्रिटिश गणिती पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवायचा. मधल्या वेळात त्याने २० मे १९१० या होऊन गेलेल्या दिवसाचं हवामान कागदावर, हाताने गणित करून काढलं. फक्त सहा तासांचा अंदाज. उत्तर आलं, हवेचा दाब १४५ मिलिबारने वाढेल. प्रत्यक्षात त्या दिवशी दाब जवळपास हललाच नव्हता. समीकरणं बरोबर होती. सुरुवातीच्या आकड्यांमधला असमतोल गणितात फुगत गेला होता. आणि तरी रिचर्डसनने हे चुकलेलं उत्तर १९२२ च्या आपल्या पुस्तकात जसंच्या तसं छापलं. स्वतःचा बग असा जगासमोर मांडायला हिंमत लागते, हे मी अनुभवाने सांगतो.

१९५० मध्ये एनिअ‍ॅक या कॉम्प्युटरवर चोवीस तासांचा अंदाज काढला, त्याला जवळपास चोवीस तासच लागले. कॉम्प्युटर वेगवान झाले की महिन्याभराचं हवामानही कळेल, असं वाटायला लागलं. मग १९६१ मध्ये अमेरिकेत एडवर्ड लोरेन्झने एक जुनं गणित मधूनच पुन्हा चालवलं. ०.५०६१२७ ऐवजी त्याने ०.५०६ एवढंच टाकलं आणि तो कॉफी प्यायला गेला. परत येऊन बघतो तर हवामान पार वेगळं. सुरुवातीची एवढीशी चूक दिवसागणिक वाढत जाते, आणि हवेची अगदी अचूक नोंद तर कुणाकडेच नसते.

यावरची युक्ती १९९२ च्या डिसेंबरपासून युरोप-अमेरिकेत रोजच्या वापरात आली. सुरुवातीचे आकडे किंचित बदलून तेच गणित अनेकदा चालवायचं. पन्नासपैकी वीस वेळा पाऊस आला, तर चाळीस टक्के.

मंगळवारी मामांना हे सांगितलं.

"म्हणजे तीस वेळा नाही आला?"

"हो. पण गुरुवारी परत बघू. दिवस जवळ आला की चूक वाढायला वेळ कमी मिळतो."

गुरुवारी आकडा सत्तरवर गेला. मार्चमधले गारांचे ढग दुपारच्या उन्हात काही तासांत तयार होतात, एका शिवारात कोसळतात आणि शेजारचं कोरडं सोडतात. कुठलं शिवार, ते दोन दिवस आधी सांगता येत नाही. हेही मी मामांना सांगितलं. त्यांनी शुक्रवारी अर्धी बाग काढली, पडेल भावात दिली.

शनिवारी दुपारी आमच्याकडे नुसते शिंतोडे आले. गारा पडल्या त्या पलीकडच्या गावात, मामीच्या भावाच्या बागेवर.

मामा मला काही बोलले नाहीत. रविवारी ते मेव्हण्याकडे पडलेले घड गोळा करायला गेले. त्याच्या मोबाइलमध्येही सत्तरच टक्के दिसत होते.