पहाऱ्याचा बुरूज आणि पहारेकरी

दापोली तालुक्यातील हर्णै बंदरासमोर, समुद्रातील एका बेटावर सुवर्णदुर्ग उभा आहे. त्याच्यावर नजर ठेवणारे कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवागड हे तीन लहान किल्ले किनाऱ्यावर आहेत. कनकदुर्गावर आता दीपगृह आहे. सुट्टीच्या दिवसांत मुंबई-पुण्याकडील माणसे इथे येतात, बंदरावरचा मासळीचा लिलाव पाहतात, होडी करून किल्ल्यात जातात. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. सुवर्णदुर्ग त्यांपैकी एक आहे. तेव्हा आता जतनाचा विषय निघणार, चिरे सावरले जाणार, माहितीचे फलक लागणार. हे व्हावेच. पण नेमके कशाचे जतन करायचे, हा प्रश्न चिऱ्यांना हात लावण्याआधी विचारला पाहिजे.

या प्रश्नाचे एक उत्तर लंडनमध्ये पाहायला मिळते. त्या शहराच्या आग्नेय भागात शूटर्स हिल नावाची टेकडी आहे. तिच्यावर तीन बाजूंचा, सुमारे त्रेसष्ट फूट उंचीचा विटांचा मनोरा आहे. त्याचे नाव सेव्हर्नड्रूग कॅसल. हे नाव म्हणजे इंग्रजी जिभेवर मोडलेला आपला सुवर्णदुर्ग. कंपनी सरकारच्या आरमाराचा अधिकारी विल्यम जेम्स १७८३ मध्ये वारला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या पत्नीने त्याच्या स्मरणार्थ हा मनोरा बांधला. त्यावरील लेखात २ एप्रिल १७५५ रोजी सुवर्णदुर्ग जिंकल्याचे सगळे श्रेय एकट्या जेम्सच्या शौर्याला दिले आहे. दापोलीचा हा किनारा त्या लेखात मलबारचा किनारा झाला आहे.

१७५५ मध्ये घडले काय? तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानत नव्हता आणि इंग्रजांच्या गलबतांनाही सोडत नव्हता. तेव्हा नानासाहेब पेशव्यांनी त्याच्याविरुद्ध मुंबईकर इंग्रजांशी हातमिळवणी केली. समुद्राकडून जेम्सच्या ‘प्रोटेक्टर’ जहाजाने तोफा डागल्या, जमिनीवर पेशव्यांची फौज होती. किल्ल्यातील दारूगोळ्याचा साठा पेटला आणि किल्ला पडला. एका देशी सत्तेने दुसरीचे आरमार मोडण्यासाठी परकीयांना घरात घेतले, ही गोष्ट आपल्या शाळांतून खालच्या आवाजात सांगितली जाते. आंग्र्यांच्या गलबतांवर कोळी होते, भंडारी होते. त्या दारूच्या आगीत जे होरपळले त्यांचा त्या लेखात उल्लेख नाही. जेम्स मात्र मायदेशी परतला, मोठ्या वाड्यात राहिला, पार्लमेंटात बसला, कंपनीच्या संचालकांचा अध्यक्ष झाला.

हा मनोरा पुढे टेहळणीच्या कामी आला. दोन्ही महायुद्धांत शत्रूच्या हवाई हल्ल्यांवर तेथून लक्ष ठेवले जाई. पुढे तो बंद पडला, खिडक्यांना फळ्या ठोकल्या गेल्या. तेथील नागरिकांनी विश्वस्त मंडळ स्थापून त्याची दुरुस्ती केली आणि २०१४ मध्ये तो लोकांसाठी खुला झाला. आज लोक पायऱ्या चढून वर जातात आणि लंडनचे दृश्य पाहतात. सामान्य नागरिकांनी एकत्र येऊन एक वास्तू वाचवली, ही चिकाटी आपण घेण्यासारखी आहे. पण वाचलेल्या वास्तूबरोबर विजेत्याने लिहिलेली कथाही वाचली. बुरूज दुरुस्त करताना कथा तपासली नाही, तर जुनी कथाच नव्या चुन्याने पक्की होते.

आपल्याकडे तरी वेगळे काय होते? मराठेशाहीत गडाच्या उतारावर आणि पायथ्याशी पहाऱ्याच्या चौक्या असत. त्यांना मेटे म्हणत. गडाचा घेरा राखणे, वाटा अडवणे, रात्रीची जागल करणे ही कामे महार, रामोशी, कोळी, मांग यांच्याकडे होती. ज्याच्या सावलीचा विटाळ होई, त्याच्याच डोळ्यांच्या भरवशावर गड झोपत असे. ही विसंगती मानणारा माणूस वर्णव्यवस्थेवर बोलल्यावाचून राहू शकत नाही. म्हणूनच गडांच्या वर्णनांत तट, दरवाजे, तळी यांची मोजमापे येतात आणि मेटावरचा माणूस येत नाही.

पेशवाई १८१८ मध्ये बुडाली. त्यानंतर लवकरच इंग्रजांनी दक्षिण कोकणचे लष्करी ठाणे दापोलीला केले. ‘कॅम्प दापोली’ हे नाव तेव्हापासूनचे. कंपनीच्या मुंबई लष्करात महार मोठ्या संख्येने होते. त्या लष्करात त्यांना ‘परवारी’ म्हणत. लष्कराने त्यांना बंदूक दिली आणि आणखी एक गोष्ट दिली, ती म्हणजे अक्षर. पलटणीच्या शाळांत शिपायाला आणि त्याच्या मुलांना शिकावे लागे. परकीय सरकारने हे दयेपोटी केले नाही, त्याला हुकूम वाचणारा शिपाई हवा होता. पण अक्षर एकदा हाती आले, की ते देणाऱ्याच्या हेतूत बांधलेले राहत नाही.

नियमित फौज हलल्यावर दापोली हे पेन्शनर शिपायांचे गाव झाले. छातीवर पदके, हाती पेन्शनीचा कागद आणि गावात मात्र तोच विटाळ. १८९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत महार पेन्शनरांनी आपली मुले दापोलीच्या नगरपालिकेच्या शाळेत घ्यावीत म्हणून अर्ज केले. मोठ्या झगड्यानंतर मुलांना जागा मिळाली ती शाळेच्या पडवीत. बापाने साम्राज्याच्या सीमा राखल्या, मुलाला वर्गाचा उंबरठा ओलांडता येईना. याच सुमारास सरकारने ‘लढाऊ जाती’चा सिद्धांत पुढे करून महारांची लष्करभरती बंद केली. ज्यांच्या बळावर मुलूख घेतला ते एका हुकमाने लढण्यास नालायक ठरले.

या दापोलीत गोपाळबाबा वलंगकर होते. महाडजवळच्या रावढूळचा हा माणूस १८८६ मध्ये लष्करातून निवृत्त झाला. जोतीराव फुल्यांच्या विचारांनी तो पेटलेला होता. त्यांनी ‘दीनबंधु’त लेख लिहिले, १८८८ मध्ये ‘विटाळ विध्वंसन’ प्रसिद्ध करून धर्ममार्तंडांना अस्पृश्यतेचा जाब विचारला, ‘अनार्य दोषपरिहारक मंडळी’ उभी केली आणि भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून १८९४ मध्ये अर्ज तयार केला. मंडणगड तालुक्यातील आंबडव्याचे सुभेदार रामजी सकपाळ, लष्करी शाळेचे हेडमास्तर, निवृत्तीनंतर दापोलीतच येऊन राहिले. भीमरावांच्या बालपणाची काही वर्षे याच कॅम्पात गेली. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या दारावर पहारा करणारा माणूस इथे प्रथमच स्वतःच्या समाजासाठी जागा राहिला. दापोलीच्या इतिहासातील ही घटना मला सुवर्णदुर्गाच्या पाडावापेक्षा मोठी वाटते.

यावर एक आक्षेप हमखास येतो. परकीयांची चाकरी केली, त्याचा अभिमान कसला? आक्षेप घेणाऱ्यांनी १७५५ ची युती आठवावी, म्हणजे बोट कोणाकडे दाखवायचे याचा पेच पडेल. परंतु आपणही उत्तर देताना सावध असले पाहिजे. साम्राज्याने आपल्याला वापरले आणि गरज संपताच टाकले, हे सत्य आहे. १९१७ मध्ये, पहिले महायुद्ध चालू असताना, १११ वी महार पलटण उभारली आणि युद्ध आटोपल्यावर १९२१ मध्ये मोडली. १ ऑक्टोबर १९४१ रोजी, दुसऱ्या महायुद्धात, बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, तीही बाबासाहेबांनी सतत पाठपुरावा केल्यावर. तिच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. तो स्तंभही कंपनीनेच उभारला. पण त्यावर मेलेल्या शिपायांची नावे आहेत, ‘नाक’ प्रत्यय असलेली महारांची नावे आहेत. म्हणूनच १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तिथे गेले. नाव कोरलेले असले, की शंभर वर्षांनंतरही वारस येऊन ते वाचू शकतो. शूटर्स हिलच्या मनोऱ्याचा वारस एकच, विल्यम जेम्स.

अभिमानाचे मोजमाप मग कशाने करायचे? कोणाच्या बाजूने बंदूक धरली, एवढ्याने नव्हे. ती खाली ठेवल्यावर हाती काय घेतले, यानेही करावे लागेल. दापोलीच्या पेन्शनरांनी अर्ज लिहिला, शाळेचे दार ठोठावले, पुस्तक छापले. हातात हत्यार नसताना, गावात राहून, गावाच्या विरोधात हे करायला जे धैर्य लागते ते तोफेच्या माऱ्यापुढे उभे राहण्याहून कमी नाही.

म्हणून सुवर्णदुर्गाच्या जतनाच्या निमित्ताने काही मागण्या आपण नेमकेपणाने मांडल्या पाहिजेत. किल्ल्याच्या माहितीत मेटावरचा पहारेकरी आणि गलबतावरचा कोळी-भंडारी आला पाहिजे. हर्णैला येणाऱ्या प्रत्येकाला कॅम्प दापोलीची वाट दाखवली गेली पाहिजे आणि तिथे वलंगकर, सुभेदार रामजी आणि पडवीत बसलेली ती मुले यांची हकीकत सांगितली गेली पाहिजे. तालुक्यातील शिक्षकांनी सहल किल्ल्यापाशी थांबवू नये. विद्यार्थ्यांनी आपल्या वस्त्यांतील जुन्या पेट्या उघडाव्यात. पेन्शनीचे कागद, पदके, नावे जिथे सापडतील तिथे ती उतरवून घ्यावीत. समुद्रातले चिरे सरकार सावरील. पेट्यांतले कागद वाळवी खात आहे आणि ते वाचवण्याचे काम आपल्यावाचून दुसरे कोणी करणार नाही.