तळ्यातला गणपती, तळ्याविना

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

लहानपणी आजीचा हात धरून मी सारसबागेत जायचो. घराला कडी घालताना ती शेजारच्या काकूंना हाक मारून सांगायची, "तळ्यातल्या गणपतीला जाऊन येते हो." मला मोठा प्रश्न पडे. देऊळ दिसे, हिरवळ दिसे, बाहेर भेळवालेही दिसत. पण तळे काही दिसत नसे. एकदा न राहवून विचारलेच, "आजी, तळं कुठंय?" ती चालता चालता म्हणाली, "अरे, आपण तळ्यातूनच चाललोय."

त्या उत्तराचा अर्थ कळायला मला बरीच वर्षे लागली. रस्त्यावरून बागेत शिरताना आपण थोडे खाली उतरतो आणि देवळाकडे जाताना पायऱ्या चढतो. जिथे उतरतो तो तळ्याचा तळ आणि जिथे चढतो ते तळ्यातले बेट. पाणी गेले, तरी जमिनीने आपला आकार सोडलेला नाही.

ही कथा सुरू होते नानासाहेब पेशव्यांपासून. पर्वतीवरचे देवदेवेश्वराचे मंदिर १७४९ सालचे. शहराला पाणी हवे म्हणून त्यांनी कात्रजला तलाव बांधला आणि तिथून शनिवारवाड्यापर्यंत भूमिगत नळ आणला. त्या नळावरचे उच्छ्वास जुन्या पुणेकरांनी पाहिलेले आहेत. कात्रजच्या डोंगरातून येणारा आंबील ओढा तेव्हा वस्तीतून वाहत मुठेला मिळत असे. पर्वतीजवळ बांध घालून तो पश्चिमेकडे वळवण्यात आला. पर्वतीच्या पायथ्याचा तलाव झाला तो या ओढ्याच्या पाण्यावर. तलावात मधोमध एक बेट राखले, त्यावर बाग केली आणि तिला नाव मिळाले सारसबाग.

म्हणजे हा तलाव नुसता शोभेचा नव्हता. ओढ्याला आवर घालणे, पाणी साठवणे आणि माणसाच्या जिवाला विसावा देणे, ही तिन्ही कामे त्या काळच्या माणसांनी एकाच ठिकाणी जुळवून आणली होती. तलावात नावा फिरत. पेशव्यांची मसलत नावेत बसून चाले आणि नाव वल्हवायला मुद्दाम मराठी न कळणारे हबशी नावाडी ठेवले होते, असे सांगतात. आख्यायिका म्हणूनच ती ऐकायची, पण मोठी गोड आहे. भिंतींना कान असतात, पाण्याला नसतात!

नानासाहेबांना या जागेचे सुख फार काळ लाभले नाही. पानिपतचा घाव जिव्हारी लागला आणि १७६१ च्या जून महिन्यात त्यांनी पर्वतीवरच देह ठेवला.

पुढे १७८४ साली सवाई माधवरावांनी बेटावर सिद्धिविनायकाची स्थापना केली. सनावळ्यांच्या गर्दीत आपण एक गोष्ट विसरतो. सवाई माधवरावांचा जन्म १७७४ चा. म्हणजे हे देऊळ उभारणारा पेशवा अवघा दहा वर्षांचा मुलगा होता! कारभार नाना फडणीसांच्या हाती आणि मुलाभोवती सदैव पहारे. या मुलाला प्राण्यांचे विलक्षण वेड होते. पर्वतीच्या पायथ्याशी त्याचा शिकारखाना होता. तिथे सिंह होता, गेंडा होता, हरणे होती. १७९० साली पुण्याच्याच गंगाराम तांबट या चित्रकाराने त्यातल्या गेंड्याचे चित्र काढले. इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्यासाठी वेरूळच्या लेण्यांची चित्रे काढणारे हेच ते गंगाराम. गेंड्याचे ते चित्र आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. १७९५ साली शनिवारवाड्यात पडून सवाई माधवरावांचा अंत झाला. वय अवघे एकवीस. त्या कोंडलेल्या आयुष्यात मोकळे हसण्याच्या ज्या थोड्या जागा असतील, त्यांत हा पायथा नक्की असणार.

पेशवाई गेली. तलाव मागे राहिला, पण त्याची निगा पूर्वीसारखी राहिली नाही. शहर वाढत गेले. साचलेले पाणी म्हणजे डास आणि डास म्हणजे हिवताप, हे समीकरण लोकांच्या मनात पक्के बसले. विसाव्या शतकात तळे नाहीसे झाले आणि त्याच्या जागी आजची बाग आली. त्या काळच्या माणसांना दोष देणे सोपे आहे, पण तापाने घरे रिकामी होताना पाहिलेल्या पिढीला कोरडी हिरवळ हीच सुविधा वाटली, तर नवल नाही.

१९५० मध्ये पुण्याची नगरपालिका महानगरपालिका झाली आणि तीनच वर्षांनी, १९५३ साली, इथे पेशवे उद्यान हे प्राणिसंग्रहालय सुरू झाले. १९५६ मध्ये मुलांसाठी 'फुलराणी' ही छोटी आगगाडी धावू लागली. जिथे एका राजपुत्रासाठी सिंह आणला होता, तिथेच आता कुणीही चार पैसे मोजून सिंह पाहू शकत होता. मला हा फार मोठा पालट वाटतो. आम्ही वाड्यातली पोरे एका रविवारी मोर पाहायचो, दुसऱ्या रविवारी फुलराणीत बसायचो. एका पेशव्याची करमणूक साऱ्या गावाची झाली, यापेक्षा लोकशाहीचा सोपा धडा दुसरा कुठला?

पुढे प्राण्यांनाही मोकळी जागा हवी, हा विचार रुजला. कात्रजला १३० एकरांवर नवे प्राणिसंग्रहालय उभे राहिले, १९९९ मध्ये ते खुले झाले आणि पेशवे उद्यानातले प्राणी तिकडे गेले. गंमत पाहा. तेही उद्यान तलावाकाठीच आहे, त्याच आंबील ओढ्याच्या वरच्या अंगाला. पायथ्याचे पाणी नाहीसे झाले, तेव्हा प्राणी जणू ओढ्याच्या उगमाकडे परतले.

आणि सारसबाग? ती आजही पुण्याची आवडती बाग आहे. थंडीत गणपतीला लोकरीचा स्वेटर आणि कानटोपी चढते, दिवाळीच्या पहाटे तरुणाईने हिरवळ फुलून जाते. सुविधा म्हटले की आपण बाके, दिवे, कारंजी, खाऊच्या गाड्या मोजतो. त्या हव्यातच. पण इथली पहिली सुविधा पाणी ही होती आणि बाकी साऱ्या तिच्या काठाने आल्या, याचा आपल्याला विसर पडला.

ओढा मात्र काही विसरला नव्हता. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याला पूर आला. काठच्या वस्त्यांत पाणी शिरले, भिंती कोसळल्या, माणसे प्राणाला मुकली. एकट्या या तळ्याने तो पूर अडवला असता, असे मी म्हणणार नाही. ओढ्याची रुंदी आपण दोन्ही बाजूंनी खाल्ली होती, हे मोठे कारण. पण पाण्याला पसरायला, घटकाभर थांबायला जागा लागते, हे अडीचशे वर्षांपूर्वीच्या माणसांना कळत होते. त्यांनी ती जागा ठेवली आणि वर तिच्यात बागही फुलवली.

आता गावोगावी तलावांचे सुशोभीकरण चालले आहे. काठाने फरशा बसतात, रंगीत दिवे लागतात. अशा ठिकाणी गेलो की मी आधी एकच गोष्ट पाहतो : तलावात येणारा ओढा मोकळा आहे का? तो बुजला असेल, तर काठावरची बाग कितीही देखणी असो, तिचे तळे फार दिवस टिकायचे नाही.

परवा नातीला घेऊन सारसबागेत गेलो होतो. पायऱ्यांपाशी येताच तिने विचारले, "आजोबा, तळं कुठंय?" मी म्हटले, "अगं, आपण तळ्यातूनच चाललोय." तिने खाली वाकून गवताला हात लावून पाहिला. हाताला दव लागले होते.