कोशेर मीठ, खडे मीठ आणि आपली मिठाची बरणी



शहरात राहणाऱ्या लेकीसुना हल्ली सुट्टीला गावी येताना तऱ्हेतऱ्हेची मिठं आणतात. एक गुलाबी असतं, एक काळं असतं, आणि एखाद्या पुड्यावर ‘कोशेर’ असं लिहिलेलं असतं. किंमत साध्या मिठाच्या कितीतरी पट. मोबाईलवर पदार्थ दाखवणारी बाईसुद्धा सांगते, ‘यात कोशेर मीठ घाला.’ हे मीठ कुठलं, आपल्या मिठापेक्षा ते खरंच चांगलं का, असं गटातल्या बायका आम्हाला विचारतात. म्हणून आज त्याचीच गोष्ट सांगतो.

कोशेर हा ज्यू लोकांचा शब्द. हिब्रू भाषेत त्याचा अर्थ योग्य, म्हणजे खाण्याच्या नियमात बसणारं. ज्यू धर्मात काय खावं आणि काय खाऊ नये याचे काटेकोर नियम आहेत. त्यातला एक फार जुना नियम आहे रक्त न खाण्याचा. प्राण्याचा जीव त्याच्या रक्तात असतो, असं त्यांचा धर्मग्रंथ सांगतो. मग मांस खायचं तर त्यातलं रक्त काढायचं कसं? इथे मीठ कामाला आलं.

पद्धत अशी. मांस आधी अर्धा तास पाण्यात भिजवायचं. मग पाणी निथळू द्यायचं आणि सगळ्या बाजूंनी मीठ लावायचं. ते उतरत्या फळीवर किंवा भोकं असलेल्या भांड्यात तासभर ठेवायचं, म्हणजे सुटलेलं पाणी खाली ठिबकून जातं. शेवटी दोन-तीन पाण्यांनी स्वच्छ धुवायचं. काळजाला मात्र नुसतं मीठ पुरत नाही, ते विस्तवावर भाजावंच लागतं. शेकडो वर्षं हे काम घरोघरी बायकाच करत आल्या. त्यासाठी लागणारी भांडी वेगळी ठेवायची, वेळेकडे लक्ष द्यायचं, आणि हे सगळं लेकीला शिकवायचं.

आता या कामाला मीठ कसं हवं? फार बारीक असेल तर ते मांसाला लागताच विरघळून जातं. फार जाड असेल तर खडे घरंगळून खाली पडतात. मधल्या आकाराचे, मांसावर टिकून राहणारे दाणे हवेत. या कामावरून त्या मिठाला कोशेर मीठ हे नाव पडलं. त्या मिठावर वेगळा मंत्र म्हटलेला असतो किंवा ते कुठल्या खास डोंगरातून येतं, असं काही नाही.

मैत्रिणींनो, ही पद्धत आपल्या कोकणात फार जुनी आहे, बरं का. अलिबाग, पेण, रोहा, रेवदंडा, मुरूड या भागात बेने इस्रायल समाज पिढ्यान्‌पिढ्या राहिला. त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले, त्यातली सात जोडपी वाचली, असं ते परंपरेनं सांगतात. ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. बोली मराठी, नेसणं नऊवारी, आडनावं पेणकर, रोहेकर, किहीमकर अशी गावावरून पडलेली.

त्या घरांतल्या बायकाही मांसाला मीठ लावून, धुऊनच ते शिजवत. मीठ लांबून आणायची गरज नव्हती. पेण-उरणच्या खाड्यांना मिठागरं होती. भरतीचं पाणी वाफ्यात घ्यायचं, उन्हानं आटवायचं आणि मीठ ओढून रास करायची, हे काम तिथल्या आगरी स्त्रीपुरुषांनी पिढ्यान्‌पिढ्या केलं. त्यांच्या धर्मात मांस आणि दूध एकत्र चालत नाही. म्हणून बेने इस्रायल बायकांनी रश्श्यात दुधादह्याच्या जागी नारळाचं दूध घातलं. नियम दूरच्या देशातला, पण भागवला तो कोकणातल्या जिनसांनी. 1948 साली इस्रायल देश झाला आणि पुढे यातली बरीच कुटुंबं तिकडे गेली. तिथेही अनेक घरांत मराठी टिकली.

मग हे नाव जगभर कसं पसरलं? 1880 ते 1924 या काळात पूर्व युरोपातून सुमारे वीस लाख ज्यू माणसं अमेरिकेत गेली. तिथेही घरोघरी बायका मांसाला मीठ लावत होत्या. मीठ कंपन्यांनी हे गिऱ्हाईक ओळखलं आणि जाड दाण्याचं मीठ या नावाने पेट्यांत भरून विकायला सुरुवात केली. पुढे खाटीकच मीठ लावून, धुऊन मांस देऊ लागले आणि घरातलं ते काम कमी झालं. पण हॉटेलातल्या आचाऱ्यांना हे मीठ आवडलं. चिमटीत नीट धरता येतं, पदार्थावर सारखं भुरभुरता येतं. असं ते मांसाच्या फळीवरून स्वयंपाकाच्या पुस्तकांत आणि आता आपल्या मोबाईलवर आलं.

आता तुलना करू. रसायन म्हणून पाहिलं तर ही सगळी मिठं जवळजवळ सारखीच, सोडियम क्लोराइड. फरक आहे दाण्याचा. अमेरिकेत डायमंड क्रिस्टल नावाच्या कोशेर मिठाचे दाणे पोकळ असतात. चहाचा एक चमचा भरला तर ते जेमतेम तीन ग्रॅम भरतं. मॉर्टन कंपनीचं कोशेर मीठ दाबून चपटं केलेलं असतं, ते पाच ग्रॅमच्या आसपास. आपलं बारीक मीठ त्याच चमच्यात सहा ग्रॅम बसतं. म्हणजे मोबाईलवरची बाई दोन चमचे सांगेल आणि आपण घरचं बारीक मीठ दोन चमचे घालू, तर पदार्थ दुप्पट खारट होईल. ज्या गटांचं लोणचं-पापडाचं काम आहे त्यांनी हे पक्कं लक्षात ठेवावं. मीठ चमच्याने किंवा वाटीने मोजू नका, काट्यावर तोला. खडे मीठ असो की बारीक, शंभर ग्रॅम म्हणजे शंभर ग्रॅम.

उपासाचं सैंधव खाणीतून येतं. सिंधू नदीच्या मुलखातलं म्हणून सैंधव. त्याचा गुलाबी रंग लोहाच्या अंशामुळे असतो, पण तो अंश इतका थोडा की त्याने अंगात रक्त वाढत नाही. काळं मीठ भट्टीत तापवून बनतं, त्याचा वास गंधकाचा. चवीला ही मिठं जरूर घ्या. मात्र या महागड्या मिठांत आणि मिठागरातल्या खडे मिठात बहुधा एक गोष्ट नसते, ती म्हणजे आयोडीन.

इथे गोष्टीला वळण मिळतं. अमेरिकेत मिशिगन नावाचं राज्य आहे. मिठासाठी ते प्रसिद्ध, डायमंड क्रिस्टल कंपनीही तिथेच सुरू झाली. पण तिथल्या माती-पाण्यात आयोडीन कमी. शाळेतल्या कितीतरी मुलांचे गळे सुजलेले असत. त्यालाच आपण गलगंड म्हणतो. 1924 साली तिथे आयोडीन घातलेलं मीठ दुकानात आलं आणि काही वर्षांत गलगंड झपाट्याने कमी झाला. आपल्याकडे हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1956 पासून हाच प्रयोग केला. ज्या भागात आयोडीनचं मीठ दिलं, तिथे गलगंड घटला. 1962 साली सरकारने गलगंड नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. 2006 पासून माणसांच्या थेट खाण्यासाठी आयोडीन नसलेलं मीठ विकायला देशभर बंदी आहे.

गळ्याची सूज डोळ्यांना दिसते. न दिसणारं नुकसान त्याहून मोठं आहे. गरोदर बाईला आयोडीन कमी पडलं तर पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते, गर्भ पडण्याचाही धोका असतो. ही उणीव मागाहून भरून निघत नाही. समुद्राच्या मिठात आयोडीन असतंच, असं पुष्कळ जणी समजतात. समुद्राच्या पाण्यात ते असतं, पण वाळलेल्या मिठात नावापुरतंच उरतं.

म्हणून आमचं सांगणं एवढंच. लोणच्याच्या बरणीला, मासे खारवायला खडे मीठ वापरा. उपासाला सैंधव घ्या. कोणी कोशेर मीठ आणलं तर तेही वापरून पाहा. पण रोजच्या आमटी-भाजीत हसऱ्या सूर्याचं चिन्ह असलेलं आयोडीनचं मीठच हवं, आणि घरात गरोदर सून किंवा लेक असेल तर नक्कीच. ते झाकणाच्या बरणीत, चुलीपासून आणि ओलीपासून दूर ठेवा, नाहीतर आयोडीन उडून जातं. आणि कुठलंही मीठ असो, मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅम पुष्कळ झालं. त्यात पापड, लोणचं, फरसाण सगळं आलं.

गटाच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपल्या घरच्या मिठाचा पुडा आणावा. सूर्याचं चिन्ह किती पुड्यांवर आहे ते मोजा आणि आम्हाला कळवा.