पंधरा पिनांची कुळकथा

नव्वदच्या दशकात हणजूणच्या किनाऱ्यावर रात्रभर जे संगीत घुमायचं, त्याला जगाने 'गोवा ट्रान्स' म्हटलं. पुढे ते वेड पेडण्यातल्या हरमल-मोरजीपर्यंत पोचलं. नाचणं इथलं, घडण मात्र बहुतेक परदेशी स्टुडिओतली. उन्हात तबकड्या वाकतात, म्हणून इथे डॅट या डिजिटल टेपा वाजवत. स्टुडिओत बहुधा अटारी एसटी हा संगणक सिंथेसायझरना हुकूम सोडायचा, तो मिडीच्या, म्हणजे वाद्यांच्या सामाईक भाषेच्या, वायरीतून.

मिडीचे जनक दोन: रोलंड कंपनीचे इकुतारो काकेहाशी आणि सिक्वेन्शियल कंपनीचे डेव्ह स्मिथ. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे कीबोर्ड एका वायरीने जोडले गेले आणि एकाच्या पट्ट्या दाबल्या की दुसरा वाजू लागला. वेग सेकंदाला ३१,२५० बिट, सॉकेट पाच पिनांचं.

१९८५ च्या अटारीत ही सॉकेटं अंगचीच होती. आयबीएमवाल्यांना मात्र कार्ड घ्यावं लागे. रोलंडच्या एमपीयू-४०१ चा मेंदू बाहेरच्या डब्यात होता. तो डबा हरवला, तर आतलं कार्ड निव्वळ शोभेचं. पुढच्या एमपीयू-आयपीसीत मेंदू कार्डावर आला.

साउंड ब्लास्टर या साउंड कार्डाने सर्वांत कंजूष वाट काढली. जॉयस्टिकच्या पंधरा पिनांच्या पोर्टातली बारावी पिन, जी मुळात ग्राउंड होती, ती मिडी बाहेर पाठवायला घेतली. पंधरावीवर पाच व्होल्ट असत. ती मिडी आत घ्यायला. केबल वेगळी विकत घ्यायची! आज मिळतं ते नुसतं कार्ड. केबल कधीच गहाळ झालेली असते.

त्या केबलीत दडलेलं काय असतं? बाहेर जाणाऱ्या बाजूला २२० ओहमचे दोन रेझिस्टर. एकातून पाच व्होल्ट पाच-पिनी सॉकेटच्या चौथ्या पिनेला जातात, दुसऱ्यातून बाराव्या पिनेचा सिग्नल पाचवीला. आत येणाऱ्या बाजूला आणखी एक रेझिस्टर, एक डायोड आणि ६एन१३८ सारखा ऑप्टोकपलर. ऑप्टोकपलरमध्ये सिग्नल प्रकाशातून पलीकडे जातो, दोन यंत्रांची ग्राउंड एकमेकांना भिडत नाहीत आणि स्पीकरमध्ये गुरगुर येत नाही. स्वस्तात जोडणारे नेमका हाच भाग गाळतात, आणि मग दोष बिचाऱ्या कार्डाला देतात.

पेडण्याची खारी हवा असो की डिचोलीतल्या खाणींची तांबडी धूळ, माळ्यावरून काढलेल्या कार्डाच्या पिना आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसाव्यात. मग संगणक बंद ठेवून मल्टिमीटरच्या बीप मोडवर पोर्टाची चौथी (ग्राउंडची) आणि बारावी पिन जोडलेली आहे का, ते तपासावं. बीप वाजला, तर तो पोर्ट फक्त जॉयस्टिकचा आहे. त्यावर मिडीची केबल लावू नये.