परांड्याची तोफ

गोलघुमट पाहून आम्ही उभयता विजापूरच्या शर्झा बुरुजावर मुलुखमैदान तोफ पाहण्यास गेलो. भगिनींनो, ही एकेकाळी आपल्या शेजारच्या परांड्याच्या किल्ल्यात होती! १५४९ साली अहमदनगरास ओतली आणि १६३२ च्या सुमारास आदिलशाहीने विजापुरास नेली. तोंड सिंहाचे, जबड्यात चिरडलेला हत्ती. वजन सुमारे ५५ टन. एवढे धूड भीमेपार कसे नेले असेल, देव जाणे! १६८६ साली औरंगजेबाने विजापूर घेतले, तोफ मात्र राहिली. पुढे १८५४ साली, जुनी पातेली मोडीत द्यावीत तसा इंग्रजांनी तिचा लिलाव पुकारला. बोली आली अवघी १५० रुपयांची! इतक्या थोडक्यात देणे नको म्हणून विक्री रद्द झाली. यजमान हसून म्हणाले, "कुणी चार पैसे जास्त बोलला असता, तर आज हा बुरुज रिकामाच दिसला असता."