वाचता येणं आणि लिहिता येणं : कलकत्ता, १९१६ ते १९२४

मंडळी, विज्ञानाच्या इतिहासात आपण शोधांबद्दल पुष्कळ बोलतो. पण शोधनिबंध वाचायचा कसा आणि लिहायचा कसा, हे माणूस शिकतो कुठे, याबद्दल फारसं बोलत नाही. जणू एम.एस्सी.चा निकाल लागला की ते आपोआप येतं! आम्ही तत्त्वज्ञानाचे, त्यामुळे युक्तिवाद कसा वाचावा हा आमच्या धंद्याचाच प्रश्न. म्हणून आज आपण दोन तरुणांकडे बघू. त्यांना हे शिकवायला कोणी नव्हतं, आणि तरी ते शिकले.

मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस. १९१५ साली दोघे कलकत्ता विद्यापीठातून एम.एस्सी. झाले, बोस पहिले, साहा दुसरे. विषय कोणता? मिश्र गणित. पदार्थविज्ञान नव्हे. आशुतोष मुखर्जींनी नवं सायन्स कॉलेज उभं केलं होतं. तिथे पदव्युत्तर वर्ग सुरू करायचे होते आणि शिकवायला माणसं नव्हती. मग या दोघांनाच घेतलं. म्हणजे परिस्थिती अशी, की सकाळी वर्गात जे शिकवायचं ते रात्री स्वतः शिकायचं. शिक्षक विद्यार्थ्यांच्या एखादं प्रकरण पुढे, एवढाच काय तो फरक.

आणि शिकायचं कशातून? पुंजवाद, सापेक्षता, नवी उष्मागतिकी, सगळं जर्मनमध्ये. त्यात महायुद्ध चालू, जर्मन नियतकालिकं येणं बंद. शिबपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात ब्र्यूल नावाचे प्राध्यापक होते. त्यांच्याकडे बोल्ट्झमान, किर्खोफ, प्लांक यांची पुस्तकं होती. बोस ती मागून आणत. साहा इंटरला असताना ढाक्यात थोडं जर्मन शिकले होते, ते आता कामी आलं. पुढे १९१९ मध्ये देवेंद्रमोहन बोस युद्धात अडकून पडलेले बर्लिनहून परतले, ते प्लांकची पुस्तकं घेऊनच.

आता इथे एक गोष्ट लक्षात घ्या. आपल्याकडे परकी भाषा ही विज्ञानाच्या वाटेतली अडचण मानतात. अडचण तर होतीच. पण या दोघांनी त्या अडचणीचंच काम करून टाकलं. आइन्स्टाइनचे आणि मिन्कोव्स्कीचे सापेक्षतेवरचे मूळ निबंध त्यांनी इंग्रजीत आणले. १९२० मध्ये ते पुस्तक कलकत्ता विद्यापीठाने छापलं, प्रशांतचंद्र महालनोबिसांच्या ऐतिहासिक प्रस्तावनेसह. विशेष सापेक्षतेचा भाग साहांकडे, सामान्य सापेक्षतेचा बोसांकडे.

भाषांतर म्हणजे काय असतं? वाचताना आपण सगळे थोडी लबाडी करतो. ‘यावरून स्पष्ट आहे की’ असं लिहिलेलं दिसलं की मान डोलावतो आणि पुढे जातो. भाषांतर करणाऱ्याला ती सोय नाही. ‘यावरून’ म्हणजे कशावरून? हे गृहीत धरलंय, की सिद्ध केलंय? ते ठरवल्याशिवाय वाक्यच लिहिता येत नाही. त्या भाषांतरात उणिवा आहेत, त्या नंतर दाखवल्याही गेल्या. आम्हाला त्याचं फार वाटत नाही. पंचविशीतल्या दोन माणसांनी तो मजकूर ओळीगणिक उलगडला, हीच त्यांची संशोधनाची शाळा झाली असं आमचं मत आहे.

या वाचनाचं फळ कसं आलं ते साहांच्या बाबतीत अगदी बोट ठेवून दाखवता येतं. १९१९ साली जॉन एगर्ट या जर्मन संशोधकाचा एक निबंध आला. ताऱ्यांच्या पोटातल्या प्रचंड उष्णतेत अणूंचे इलेक्ट्रॉन सुटतात, त्याचा हिशोब एगर्टने रसायनशास्त्रातलं नेर्न्स्टचं सूत्र वापरून केला होता. कल्पना उत्तम. रसायनात रेणू फुटतो तसा इथे अणू फुटतो, एक आयन आणि एक इलेक्ट्रॉन. साहा त्या वेळी वर्गात उष्मागतिकीही शिकवत होते आणि वर्णपटविज्ञानही. त्यांच्या नजरेला खटकलं ते एवढंच, की अणूतून इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा एगर्टने अंदाजाने, काहीशी ओढूनताणून धरली होती. आणि ती ऊर्जा तर प्रयोगशाळेत मोजली जात होती! तिला आयनीभवन विभव म्हणतात. कॅल्शियमचं साधारण ६.१ व्होल्ट. साहांनी अंदाजाच्या जागी मोजलेले आकडे घातले, आणि सूर्याच्या वर्णावरणात आयनीभूत कॅल्शियमच्या रेषा इतक्या ठळक का, याचं उत्तर हातात आलं. ‘सौर वर्णावरणातील आयनीभवन’ हा निबंध ऑक्टोबर १९२० मध्ये फिलॉसॉफिकल मॅगझिनमध्ये छापून आला.

ते ज्याला आपण वाचणं म्हणतो ते हे. तो निबंध इतरांनीही वाचलाच असेल. पण त्यातला कुठला आकडा उसना आहे, हे ज्याला दिसलं त्याने तो वाचला. आणि ते दिसायला तारकांचे न सुटलेले प्रश्न आधी डोक्यात असावे लागतात. ते साहांच्या डोक्यात कुठून आले? ॲग्नेस क्लार्क या बाईंच्या खगोलावरच्या लोकप्रिय पुस्तकांतून. सामान्य वाचकांसाठी लिहिलेल्या पुस्तकांना नाकं मुरडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवायला हरकत नाही.

लिहिण्याची गोष्ट मात्र वेगळी. वाचणं एकट्याने जमतं. लिहिणं एकट्याने शिकणं फार महागात पडतं. साहांनी १९१७ च्या अखेरीस प्रारणदाबावर एक मोठा निबंध अमेरिकेतल्या ॲस्ट्रोफिजिकल जर्नलकडे धाडला. उत्तर आलं, छापू, पण छपाईच्या खर्चाचा वाटा उचला. रक्कम तीन आकडी डॉलरची. कलकत्त्यातल्या तरुण अध्यापकाला ते कुठून झेपणार? छापली गेली ती १९१९ मध्ये एक छोटी टीप. मोठा निबंध विद्यापीठाच्या नियतकालिकात आला, म्हणजे बाहेरच्या जगासाठी न आल्यासारखाच. १९३६ साली साहा यर्कीस वेधशाळेत गेले, तेव्हा तिथे त्यांना त्यांचंच जुनं हस्तलिखित जपून ठेवलेलं दाखवलं गेलं!

लिहायला ते शिकले लंडनमध्ये. प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती मिळाली होती. हो, तेच प्रेमचंद शेठ, ज्यांनी मुंबई विद्यापीठाला राजाबाई टॉवरसाठी पैसा दिला. कलकत्त्याच्या विद्यापीठालाही त्यांची देणगी होती. असो. लंडनला आल्फ्रेड फाउलर होते, वर्णपटांचं चालतंबोलतं भांडार. साहांचा ताऱ्यांच्या वर्णपटांच्या हार्वर्ड वर्गीकरणावरचा निबंध तयार होता. फाउलरांच्या टीकेखाली तो त्यांनी नव्याने लिहायला घेतला, आणि त्यात सुमारे चार महिने गेले. मूळ कल्पना बदलली नाही. बदललं ते असं, की प्रत्येक विधानाखाली निरीक्षण आलं, आणि शीर्षकही बदललं. १९२१ मध्ये रॉयल सोसायटीच्या प्रोसीडिंग्जमध्ये तो ‘ताऱ्यांच्या वर्णपटांचा भौतिक सिद्धांत’ म्हणून आला. संबंध सिद्धांत एकट्याने काढणाऱ्या माणसाला तो मांडण्यासाठी चार महिने दुसऱ्याच्या शेजारी बसावं लागलं, यात कमीपणा काही नाही.

बोसांना असा फाउलर मिळाला नाही. ते १९२१ पासून ढाक्याला. वर्गात प्लांकचा नियम शिकवताना त्याची सिद्धता त्यांना पटेना. त्यात एक पाऊल जुन्या विद्युतगतिकीवर आणि पुढचं पाऊल पुंजवादावर, म्हणजे दोन्ही डगरींवर हात! ते टाळून त्यांनी सूत्रातला पहिला गुणक थेट प्रकाशकणांच्या मोजणीतून काढला. अवघी चार पानं. फिलॉसॉफिकल मॅगझिनकडून काम झालं नाही, तेव्हा ४ जून १९२४ ला त्यांनी निबंध सरळ आइन्स्टाइनला पाठवला. पत्रात लिहिलं, की जर्मनमध्ये भाषांतर करण्याइतकं जर्मन मला येत नाही. आपल्याला योग्य वाटलं तर छपाईची व्यवस्था करावी. ज्याने आइन्स्टाइनला जर्मनमधून इंग्रजीत आणलं, तो हे लिहितो! वाचायची भाषा आणि लिहायची भाषा यांत केवढं अंतर असतं, बघा. आइन्स्टाइनने स्वतः भाषांतर केलं आणि शेवटी टीप जोडली, की हे महत्त्वाचं पाऊल आहे आणि याच रीतीने आदर्श वायूचाही पुंजसिद्धांत मिळतो.

गंमत अशी, की आज त्या निबंधात जे सर्वांत मोलाचं मानतात, ती कणांना वेगळी ओळख न देता केलेली मोजणी, तिच्याबद्दल निबंधात एकही वाक्य नाही. आपण काही नवं करतोय याची कल्पना नव्हती, असं बोस पुढे स्वतः सांगत. शेजारी बसून ‘हे पाऊल तुम्ही कसं टाकलंत?’ असं विचारणारा कोणी असता, तर ते वाक्य आलं असतं, असं आम्हाला वाटतं.

बोसांचा दुसरा निबंधही आइन्स्टाइनने भाषांतरित करून छापवला. पण या वेळच्या टिपेत आपला मतभेद नोंदवला. बोस तेव्हा पॅरिसला पोचले होते. त्यांनी त्यावर उत्तर लिहून काढलं. ते कधीच छापलं गेलं नाही.